पाणी येण्याच्या दिवशी

बाई, आज पाणी येणार आहे आणि मला भीती वाटते आहे. तुम्ही हसाल. आपल्या या शहरात पाणी येणार म्हटलं की माणसं सुट्टी काढतात, पाहुण्यांना आज येऊ नका म्हणून कळवतात, आणि मी सकाळपासून स्वयंपाकघरात नळाकडे पाठ करून बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा पाण्याचा वार तरी ठरलेला असायचा. आता दिवस आयत्या वेळी कळतो, आणि किती वाजता येईल हे सोडणाऱ्यालाही माहीत नसावं. म्हणून सगळ्यांनाच एक सवय लागली आहे, नळ उघडाच ठेवायचा आणि खाली पत्र्याचा डबा. पाणी आलं की डबा वाजतो आणि माणूस धावतो. घरात कोणी नसलं तर डबा एकटाच वाजत राहतो.

तसा तो एका रविवारी आपल्या संग्रहालयात वाजत राहिला. कॉलेजच्या तळमजल्यावरच्या त्या तीन खोल्या तुम्ही भांडून मिळवल्यात, लेखकांची हस्तलिखितं, पत्रं, फोटो त्यात आणून भरलेत आणि जाताना किल्ल्या माझ्या हातात दिल्यात. भिंतीपलीकडे शिपायांची मोरी आहे, याचं तेव्हा आपल्या दोघींनाही काही वाटलं नव्हतं. सोमवारी दार उघडलं तर पाय पाण्यातच पडला. खालच्या फळीवरची खोकी बुडातून फुगलेली. पत्रं मी टिपकागदावर पसरून पंख्याखाली वाळवली, ती बरीचशी बचावली. फोटो मात्र एकमेकांना चिकटले होते. दोन फोटो सोडवायला गेले आणि एका नवरीचा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीवर उतरून आला. त्यानंतर ओल्या फोटोला हात लावायची माझी छाती होत नाही. मी शिपाईचाचांवर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, नळ बंद ठेवला तर पानी येऊन जातंय, मालूम बी नाय पडत. मग आठ दिवस समदे काय पिणार?" त्यांचंही खरंच होतं. जागा बदलून द्या म्हणून वर अर्ज केला, तर "बघू" म्हणाले. ते अजून बघताहेत.

पिशोरचं खोकं वरच्या फळीवर होतं, म्हणून वाचलं. आठवतं ना पिशोर? आपण दोघी एसटीनं गेलो होतो. त्या गावच्या कवयित्रींना जाऊन वर्षही झालं नव्हतं. अंगणात पाणी तापवायचा बंब पेटलेला आणि त्यांची सून त्यात मूठभर कागद घालते आहे. तुम्ही अशा धावलात की एक चप्पल फाटकातच राहिली. "लई कागदं व्हती, बाई. सासूबाई काय बी लिहीत बसायच्या. निम्मी तर गेली बंबात," ती सहज बोलून गेली, आणि तुमचा चेहरा बघून रडायलाच लागली. उरलेलं गाठोडं तिनं दिलं आणि देवळीतला एक फोटो आणला. नऊवारीतली बाई शाळेच्या ओट्यावर उभी, हातात कागद, नजर कॅमेऱ्याकडे नाही, कागदावर. मागं पेन्सिलीनं स्वतःचं नाव, उशिरा लिहायला शिकलेल्या माणसानं दाबून काढावं तसं. "येवढा एकच हाय. आमच्याकडं दुसरा नाय. आता तुमीच सांभाळा." बसायला जागा असूनही तुम्ही एसटीत उभ्यानंच आलात, बसलं तर फोटो दुमडेल म्हणून.

माझ्यावर तुम्ही एकदाच रागावलात. यादी करायची म्हणून मी पत्रांचा एक गठ्ठा घरी आणला होता. तुम्ही शोधत आलात आणि याच ओट्यावर, तेलाच्या बुधलीशेजारी, तो पाहिलात. चहा घेतला नाहीत. म्हणालात, "घरात माणसं राहतात गं, त्यांना सांडायचा हक्क आहे. कागदानं तिथं यायचं नाही." दुसऱ्या दिवशी मात्र तुमच्या जुन्या साडीचा मऊ तुकडा आणून दिलात, फोटो गुंडाळायला.

आता ऐका. त्या तुकड्यात गुंडाळलेला पिशोरचा फोटो या ओट्याच्या वर, पोह्यांच्या रिकाम्या डब्यात आहे. पाणी शिरलं त्याच आठवड्यात मी तो पर्समधून घरी आणला. संगणकात त्याची प्रत आहे, पाठीचीसुद्धा आहे, पण पेन्सिलीचा तो दाब बोटाला लागतो, तो तिथं नाही. संग्रहालयात खोकं जागेवर आहे, वर नाव आहे, आत फोटो नाही. उद्या मला काही झालं तर मुलगा घर आवरेल आणि डबा भंगारात देईल. वाचवायला म्हणून आणला आणि तो कुठं आहे हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. बंबापासून आपण तो किती लांब आणला, तेच कळेनासं होतं.

आणि उद्या पिशोरहून ती सून येणार आहे. तीही आता म्हातारी झाली. फोनवर म्हणाली, "नातीला तिची पणजी दावायची हाय. हाय ना फोटू नीट?" मी "आहे, या" म्हटलं आणि फोन ठेवून आधी पोह्यांचा डबा उघडून पाहिला.

मघाशी गल्लीत एकच धावपळ उडाली. शेजारीण दार वाजवून गेली, "काकू, पानी आलंय, भरून घ्या लवकर!" मी "हो हो" म्हटलं. घरोघर डबे वाजताहेत. आमचा नळ मी उघडलेला नाही. फोटो घरात आल्यापासून मी घरी असताना, जागी असतानासुद्धा नळ उघडायचा धीर होत नाही. कळशी तळाला गेली आहे, उद्या पुन्हा शेजारणीकडे बादलीभर मागेन, भरायच्या आतच डोळा लागला म्हणून सांगेन. सकाळी फोटो परत नेईन, सुनेच्या हातात देईन, तिच्यादेखत खोक्यात ठेवीन. तुम्ही असता तर म्हणाला असता, झालं ते झालं, आता जागेवर राहू दे. पण बाई, तिची एसटी सुटली की मी तो पुन्हा घरी आणणार आहे, हे मला आत्ताच माहीत आहे.