वरच्या मजल्यावरून

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर पत्र पाठवणारी मुलगी तुम्ही पहिल्यांदाच बघत असाल. काय करणार? समोर बसलो की दुसऱ्या वाक्याला आपण कारखान्यावर, पुठ्ठ्यावर येतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. चष्मा लावून स्वतः वाचा, आईकडून वाचून घेऊ नका.

कारखाना बरा चाललाय. परवा औषधांच्या बाटल्यांसाठीची खोकी गेली, एकाचाही कोपरा दबला नाही. त्याआधी मात्र खळ धरत नव्हती, पुठ्ठ्याचे थर सुटत होते. मशीनवरचे मिशीकाका जरा बाहेर जाऊन येतो म्हणाले आणि चहा पिऊन आले ते उपाय घेऊनच: पाणी कमी करा, खळ गरम ठेवा. चहाने एवढी अक्कल येत असती तर मी सगळ्यांना दिवसभर चहाच पाजला असता. समोरच्या चहाच्या दुकानात तुम्ही खिडकीशी बसता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्या टेबलावरून तुमची टोपी दिसते. ती दिसली की मला धीर येतो, हेही खरं.

लहानपणी तुम्ही मला गोष्टी सांगितल्या नाहीत. कारखान्यात नेऊन उलट्या खोक्यावर बसवायचात आणि पुठ्ठा कानाशी धरून वाकवायला लावायचात. कोरडा कसा कडकन बोलतो आणि ओल धरलेला कसा गप्प राहतो, ते मला अक्षरओळखीच्या आधी कळलं. आपण माया केली तीसुद्धा पुठ्ठ्याच्याच भाषेत. माझं लग्न मोडलं आणि मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, उद्यापासून ऑर्डरी बघशील का? मग वरचा मजला बांधायला काढलात. पैसे कुठले, असं मी विचारलं होतं. साठवलेले, म्हणालात.

ते पैसे मंदीत कामगारांचे पगार थांबू नयेत म्हणून सरकारच्या हमीवर बँकेने दिलेले होते. ते मिळावेत म्हणून तुम्ही विक्रीचा आकडा फुगवून सांगितला होता. मला हे चौकशीला आलेल्या परक्या माणसांच्या तोंडून कळलं. ज्या महिन्यात माझ्या खोलीचा स्लॅब टाकला, त्याच महिन्यात खोकी चिकटवणाऱ्या बायकांना तुम्ही काम नाही म्हणून घरी बसवलंत. त्यांतली एक अजून रस्त्यात भेटली की हसून माझी विचारपूस करते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाबा, मला तुमचा राग आलाय. माझ्यासाठी केलंत म्हणून तो कमी होत नाही, आणि माझ्यासाठीच केलंत म्हणून धड रागावताही येत नाही.

सात वर्षं कुठल्याच कंपनीचं संचालक व्हायचं नाही, असा निकाल लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, पाटीवरचं नाव गेलं, डोकं तर शाबूत आहे ना. तुमच्या जागी मी संचालक झाले आणि मलाही वाटलं, निभावलं. पण काल कंपनीच्या वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. आपल्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाने मला सोडून तुम्हाला फोन केला, तुम्ही दर सांगून मोकळे झालात, आणि आता तो चारचौघांत सांगत फिरतोय की कारखाना अजून म्हातारबाच चालवतो. बंदी नुसती खुर्चीवर नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. आडून दर ठरवले, माणसांना काय करायचं ते सांगितलं, की ते कंपनी चालवणंच झालं. त्यात सापडलात तर तुम्हाला तुरुंग, आणि तुमच्या सांगण्यावरून वागले म्हणून मीही गोत्यात. मी विचारलं, रात्री जेवताना मीच त्यांना काही विचारलं तर? त्या चष्मा पुसत म्हणाल्या, तेही त्यातच येतं.

म्हणून हे पत्र. उद्यापासून समोरच्या दुकानात बसू नका. मिशीकाकांनाही मी बजावलंय. त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवलं. दुसरं म्हणजे, मी पहिल्या तारखेपासून कारखान्याजवळ दोन खोल्या घेऊन राहायला जाते आहे. वरचा मजला भाड्याने देऊ, ते पैसे बँकेला जातील. आईला मी तेवढंच कारण सांगितलंय. तुम्हाला खरं सांगते. रोज समोरासमोर जेवायला बसलो तर मी विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि मी विचारल्यावर तुम्ही सांगितल्याशिवाय राहणार नाही. दर रविवारी भेटायला येईन. कारखान्याचं नाव काढायचं नाही, मग आपण दोघांनी बोलायचं कशावर, ते काल रात्रभर मला सुचलं नाही. एवढं तुम्ही सांगा, बाबा. हे सांगितलंत तर गुन्हा होत नाही.

तुमचीच,
मनी