आवतनाचा शेवट

करावे,
२० फेब्रुवारी २०२५

ती. भाविकाताई हिस,
सा. न. वि. वि.

पत्र टाळलं, कबूल. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तर वहीत जुनी मेंदीची डिझाइन्स निघाली, ती हातावर काढत बसले. फोनवर मी विषय सोडून पळते म्हणून कागदाची शिक्षा तूच दिलीस. भोग आता.

बातमी अशी, की तुझ्या बहिणीला आयुष्यात काय करायचं ते सापडलं आणि लगेच हरवलं. नेल आर्ट, जिमचं रिसेप्शन, मोमोजचा ठेला, सगळं मी कंटाळून सोडलं. हे मात्र सोडायचं नसताना सुटतंय.

पुतळा आत्याबरोबर मी लग्नघरी हळदीची गाणी, धवले म्हणायला जायचे ना? तिचा आवाज थकलाय, तिच्यानंतर गाणारं कुणी नाही, म्हणून बोनकोड्याच्या एका हळदीत तिने मला पुढे बसवलं. गाण्यातून देवांना आवतन द्यायचं. गावदेवीला दिलं, एकवीरा आईला दिलं, आणि थांबायचं कसं तेच कळेना! दरवेळी देवांची नावं संपत आली की मी आइस्क्रीमच्या काउंटरकडे सटकायचे. शेवट कधी ऐकलाच नव्हता. मग जिथे जिथे भटकले तिथले देव बोलवत सुटले. तुमच्या खांदेश्वरचे महादेव आले, पार गोकर्णचे आले. वाटीतली हळद वाळली, नवरीने जांभई दिली. आत्या मागून पुटपुटली की पोरी, देव उभं हायेत, बसव त्यांना, पानी तरी पिऊ दे. शेवटी नवरीच्या मामाने डीजे लावला.

तो बंद करायला लावून आत्याने फाटक्या गळ्याने आवतन पुरं केलं. तिचा आवाज बसला तो बसलाच. माझ्याशी बोलत नाही. आता ती कुणालाच शिकवणार नाही, असं आई म्हणते.

हसून झालं की थोडी माया शिल्लक ठेव.

तुझी,
नमिता


खांदेश्वर,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. नमिता हिस,
अ. उ. आ.

तुझे भावजी विचारतात, की आमचे महादेव बोनकोड्याहून परत कधी पाठवतेस?

मोमोजचा ठेला बंद केलास तेव्हा तू उरलेले मोमोज खाऊन झोपली होतीस. या वेळी झोप उडालेली दिसते. म्हणून सांगते, आत्याकडे जा. माफीचं भाषण नको, सरळ शेवट शिकव म्हण. आणि बये, वाटेत कुठे थांबू नकोस.

रागावले तरी तुझीच,
भाविका


करावे,
३ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थांबले. तळ्यावर फ्लेमिंगो उतरले होते आणि फोटो काढणाऱ्या एका काकांना डोक्यावर छत्री धरायला माणूस हवं होतं. मीच सापडले. आत्याच्या दारात पोचले तर कुलूप. शेजारीण म्हणाली की पुढच्या हळदीला येत नाही, हे सांगायला ती बोनकोड्याला गेली. यापुढे गाणं बंद.

ताई, मी तिच्या ओट्यावर बसून रडले. माणसं कामाच्या शोधात फिरतात, मी काम समोर ठेवून पक्षी बघत होते. शेवट माहीत नसलेली मी

थांब, बेल वाजली.

ताई, आत्या आली आहे! गुडघ्यांमुळे आमचे तीन जिने कधीच न चढलेली आत्या घामाघूम होऊन कॉटवर बसली आहे. बोनकोड्याच्या लोकांनी तिला ऐकवलं म्हणे, की देव जास्त झाले तर झाले, त्या पोरीलाच आणा. आईला तिने दाराला आतून कडी लावायला सांगितली आहे. शेवट पाठ होईपर्यंत या पोरीला भायेर सोडायची नाय, म्हणते. पेन ठेवते.

नमी