डेल्मरचं मूळ इंजिन

पेरिच तळं, मिशिगन
८ जून १९९८

चि. ऑरिन यास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मागच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस, म्हणून निम्मेच.

डेल्मरला जाऊन चार महिने झाले. नवरा अजून कॉफीच्या डब्यातच आहे. अंत्यविधीवाल्यांचा कलश त्याला आवडला नसता, आणि डब्यातून तो निदान मला स्वयंपाकघरात सोबत करतो. त्याची शेवटची इच्छा तुला ठाऊक आहे. ऑगस्टात जुन्या गाड्यांच्या शर्यतीला त्याला त्याच्या शेव्हेल गाडीतून पाव मैल पळवायचं, आणि मग राख मी म्हणेन तिथं सोडायची. गाडी गॅरेजात आहे, पण बॉनेटखाली सव्वीस वर्षं नुसता खड्डा. लेकीच्या, पॅटीच्या वेळी मला सातवा महिना होता आणि मी नव्या पाळण्यासाठी हट्ट धरला. त्यानं मुकाट्यानं इंजिन विकलं, पाळणा आणला, आणि त्या विषयावर पुन्हा शब्द काढला नाही. त्या न काढलेल्या शब्दानं मला इतकी वर्षं खाल्लं आहे रे.

म्हणून मी जुन्या गाड्यांच्या मासिकात जाहिरात दिली, गाडीचा जो नंबर मूळ इंजिनावरही ठोकलेला असतो त्यासकट, आणि देव पावला. तुझ्या कोकोमोजवळच्या लायल नावाच्या माणसाचा फोन आला. तेच इंजिन त्याच्या कोठारात आहे म्हणे. शर्यतींच्या दिवसांत डेल्मरचा मेकॅनिक तूच होतास, तेव्हा जाऊन बघ. डोकं वापर, जीभ नको.

सिगारेट सोडलीस असं लिहू नकोस, खोटं वाचून माझे डोळे दुखतात. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही हे उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी ताई,
मार्वा

कोकोमो, इंडियाना
१७ जून १९९८

ती. मार्वाताईस, लांबूनच नमस्कार, कारण बातमी अर्धी वाईट आहे.

आधी चांगली अर्धी. लायलनं इंजिन लोखंडी घोडीवर बसवून ठेवलं होतं. आठही प्लग काढून पाहिले, सगळे कोरडे आणि बिस्किटाच्या रंगाचे. तेलाची काडी ओढली, तर तेलात पाणी शिरल्याचा दुधी रंग नाही. मग घड्याळ लावून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. आठही जण सारखे निघाले, आपल्या घरातल्या भावंडांसारखे नव्हेत. चालू केलं तेव्हा असं गुरगुरलं की लायलचा कुत्रा उठून घरात गेला. ताई, इतकं निरोगी इंजिन मी दहा वर्षांत पाहिलं नाही.

आता नंबर. नंबर तुझ्या गाडीचाच आहे, आकड्याला आकडा. पण जिथं तो ठोकतात त्या पट्टीवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा असतात. त्या इथं घासून टाकल्या आहेत, आणि आकड्यांच्या कडा अजून चकाकतात. शिवाय मागच्या बाजूला इंजिन ओतल्याची तारीख आहे, मार्च सत्तरची. तुझी गाडी डिसेंबर एकोणसत्तरची. म्हणजे लग्न डिसेंबरात आणि नवरदेवाचा जन्म पुढच्या मार्चात. जाहिरातीत नंबर छापून तू चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास. मी लायलला तारीख दाखवली, तर तो म्हणाला की नंबर ही शेवटी श्रद्धेची बाब आहे. त्यानंतर किंमत मात्र भराभर उतरली.

माझं ऐक. तो खोटा नंबर घासून टाकू आणि हेच इंजिन घेऊ. रागावलीस तरी लोभ ठेव, मला दुसरी बहीण नाही.

तुझा,
ऑरिन

पेरिच तळं
२४ जून १९९८

ऑरिन, या खेपेला आशीर्वाद नाहीत.

परक्याच्या इंजिनावर डेल्मरला पळवायचं, म्हणजे त्याला शेजाऱ्याच्या पँटमध्ये पुरण्यासारखं आहे. मी त्याचं जे घेतलं तेच मला त्याला परत द्यायचं आहे. ते मिळालं नाही तर शर्यत नाही, आणि तो बसेल डब्यात. लायल लबाड असेल, पण खरं इंजिन कुठंतरी असणारच. कुणाला विकलं ते डेल्मरनं मला कधी सांगितलं नाही, तुला नक्की सांगितलं असेल. ते नाव कळव.

बाकी क्षेम. डब्याशी रोज बोलते. तो पूर्वीइतकंच ऐकतो.

मार्वा

कोकोमो
१ जुलै १९९८

ती. ताईस, साष्टांग नमस्कार. आडवा पडलेलाच बरा, मारायला तुला सोपं जाईल.

विकत घेणारा कुणी नव्हताच. ते इंजिन लायलकडे असणं शक्य नाही, हे मला जायच्या आधीच ठाऊक होतं. नंबरावर गप्प बसलो असतो तर सगळं भागलं असतं, पण लायलची हातोडी डेल्मरच्या नावानं तुझ्या गळ्यात मारवेना.

शर्यतीचं नाव काढणार नाही अशी डेल्मरनं तुझ्यापाशी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. तुझ्या सातव्या महिन्यात एका शनिवारी आम्ही मासे धरायला जातो म्हणून निघालो, आठवतं? गेलो शर्यतीला. पाव मैल पुरा व्हायच्या आत आतला दांडा तुटला आणि इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला. मुठीएवढं भोक. तुझा पाळणा माझी होडी विकून आला, ती बुडाली वगैरे थाप होती. राहिलं इंजिनाचं प्रेत. त्याच उन्हाळ्यात डेल्मरनं तुझ्यासाठी तळ्यात पोहायचा तराफा बांधला. एवढ्या वादळांत तो तसूभर हलला नाही, याचं तू येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगतेस. त्याच्या साखळीच्या खालच्या टोकाला काय आहे ते आता ओळख.

तो गप्प राहिला तो दुःखानं नव्हे ताई, तुझ्या भीतीनं. तुझा काडीचाही दोष नव्हता, आणि हे मी फार पूर्वी सांगायला हवं होतं. माझं चुकलं.

लोभ मागायला तोंड नाही. पत्र मात्र फाडू नकोस.

ऑरिन

पेरिच तळं
१२ जुलै १९९८

चि. ऑरिन यास, आशीर्वाद, मागची बाकी धरून पूर्ण.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस मी डबा सिंकखाली ठेवला होता, नळ तुंबल्यावर ओतायच्या औषधाशेजारी. चौथ्या दिवशी शेजारच्या एल्डनला ट्रकचा विंच लावून साखळी ओढायला सांगितली. चिखल, शेवाळ, शिंपले, आणि मधोमध तुझं मुठीएवढं भोक. आत एक मासा संसार थाटून बसला होता. तारेच्या ब्रशनं नंबराची पट्टी घासली. तीन आकडे गंजानं खाल्ले होते, उरलेले सगळे जुळले. मी तिथंच चिखलात बसून हसले आणि मग खूप रडले. एल्डनला वाटलं मला ऊन लागलं.

लायलचं इंजिन घेऊन ये आणि बसवून दे. नंबर घासून टाक, पट्टी कोरीच राहू दे, या घरात थापा पुष्कळ झाल्या. गाडी मी चालवणार, डबा शेजारच्या सीटवर पट्टा बांधून. येताना ट्रकमध्ये जागा ठेव. माळ्यावरचा पाळणा काढून ठेवला आहे, तुझी होडी समजून घेऊन जा.

जुनं इंजिन परत पाण्यात सोडलं, तराफ्याला लागतंच. शर्यत झाली की संध्याकाळी आपण दोघं तराफ्यावर पाय सोडून बसू आणि राख तिथंच सोडू. मासे धरायला जातो म्हणून सांगून गेला होता, आता खरंच जाऊ दे.

लोभ होताच, तो आता लपवत नाही.

तुझी ताई,
मार्वा