वाकळ गच्चीवर आहे

आत्या,
देवळातून आलात की आधी चहा घ्या, मग हे वाचा. घाबरायचं कारण नाही. यांचा ताप उतरलाय, पण डॉक्टर फोनवर म्हणाले की दिवसभर मशीन लावून ठोके बघू, म्हणून दवाखान्यात घेऊन जाते.

काल युनिफॉर्मच्या कारखान्यातून मी धावत आले ती भांडायच्या तयारीनं. वाटलं, घाम काढायला तुम्ही नेहमीसारखं यांना वाकळेत गुंडाळलं असणार. बघते तर वाकळ खाली, आणि तुम्ही ओल्या फडक्यानं लेकाचं अंग पुसताय. "गोळी दिली की. आता पांघरूण न्हाय," म्हणालात. काल सांगायचं राहिलं, म्हणून इथं लिहिते. तुमच्यामुळे निभावलं, आत्या.

मामंजी तापात गेले त्या रात्री त्यांना पांघरूण तुम्ही घातलं होतं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मी ओळखलं. मीच डॉक्टरांना विचारलं, ते कशानं गेले. डॉक्टर म्हणाले, या घराण्याच्या हृदयाला ताप सोसत नाही, ठोके बिघडतात. दोष जन्माचा, आणि तेव्हा तो कुणालाच ठाऊक नव्हता.

तुमच्या नातवाचं, गुरूचं अंग जरा कोमट लागलं तरी फ्रिजवरचं तापाचं औषध द्या आणि लगेच मला फोन करा. तपासणी त्याचीही करायची आहे.

वाकळ तुम्ही भंगारच्या पोत्यात कोंबलेली सापडली. धुऊन गच्चीवर वाळत टाकली आहे, ऊन उतरलं की आणा. बरं वाटलं की हे तीच मागतील, आणि तुमच्याच हातानं घालून घेतील.

श्रीदेवी