धडपड्या

ती. आईस,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. घरी आलेलं पत्र आधी बाबाच फोडतात.

झोप येत नाही म्हणून मी एका समुपदेशक बाईंकडे जातो. आज त्यांना हसत सांगितलं, "घरात मला धडपड्या म्हणायचे. दोनदा हात मोडला, हनुवटीला टाके पडले."

"काम काय करता?"

"दुकानांच्या पाट्या रंगवतो. आठ वर्षं शिडीवरच उभा आहे."

"कितीदा पडलात?"

"एकदाही नाही."

मी माझंच उत्तर ऐकत बसलो. मग त्यांनी विचारलं, "घरात पडल्याचं आठवतं?"

आई, मला पडणं आठवेना. बाबांचा हात आठवला.

ते नाव तूच ठेवलंस. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसा पडलास रे?" तेव्हा माझा धड हात घट्ट दाबून तूच म्हणालीस, "धडपड्याच आहे मेला!" डॉक्टर हसले. मीही हसलो.

बाई म्हणतात, घाईने काही ठरवू नका, गुरुवारी पुन्हा बोलू. मी जाणार आहे. पण हे त्यांना नाही, तुलाच विचारायचंय : तू तो हात मला धीर द्यायला दाबलास, की गप्प बसवायला?

तुझा मुलगा