वाफेला आवाज नसतो

माय, आज मी मासा केला, तुझ्याच पद्धतीनं. लेक बाळंतपणाला आली आहे, फोडणीच्या वासानं तिला उलटी होते, म्हणून शहागंजच्या बाजारातून रोहू आणला. चाळणीत खाली दोडक्याच्या चकत्या, वर हळद-मीठ-लसूण लावलेले तुकडे, पातेल्यात उकळतं पाणी, झाकणावर वरवंटा. दोन भाकऱ्या होईतो शिजतं.

तळणाचा वास गल्लीभर जातो, म्हणून तू वाफवायचीस. वडिलांच्या, दादांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि तुझं माहेर नदीकाठचं. ते बाजाराला गेले की तुझा मासा चुलीवर. "वाफंला आवाज नसतो लेकरा," म्हणायचीस आणि हसायचीस. त्या दिवशीही हसत होतीस. तुला माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळचे डोहाळे होते. दादा अर्ध्या वाटेतून परत आले. चपलाही काढल्या नाहीत. "माळंच्या घरात मासं?" एवढंच, तेही हळू. त्यांनी झाकणावरचा वरवंटा उचलला. तुझा उजवा हात चुलीच्या कडेवर आहे. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज मी ऐकतो. मग पुन्हा एकदा. लाथेनं पातेलं उडतं, कढत पाणी तुझ्या पायांवर, दोडका भिंतीला. तू ओरडत नाहीस. दादा हात धुऊन देवापुढं जपाला बसतात. तू डाव्या हातानं भिंतीवरची चकती सोडवतेस, फुंकतेस, माझ्या तोंडात घालतेस. "खाय. दोडक्याला काय विटाळ नाय."

ती तीन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. भाकरीवर त्यांचे वाकडे ठसे उमटायचे, आणि दादा ती भाकरी जन्मभर खात राहिले.

त्यांची माळ आता माझ्या गळ्यात आहे. मी मासा खात नाही. पण लेकीसाठी शिजवताना माळ उतरवली नाही. देवाला एवढी वाफ सोसेल.

झाकण थरथरायला लागलं आणि दाराची बेल वाजली. मी गॅस बंद केला, पातेलं फडक्यात धरून ओट्याखाली सारलं, मग दार उघडलं. लेक दवाखान्यातून आली होती. वासावरून तिनं पातेलं शोधलं. "पप्पा, पोलीस येणार होते का?" म्हणाली, आणि ओट्याशी उभ्यानंच खाल्लं, बोटं चाटून.

हा कागद देव्हाऱ्याखाली राहील. तिला जे सांगितलं नाही, ते फक्त तुला सांगतो. दादांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बेल वाजली तेव्हा मी आधी वरवंटा लपवला, मासा नंतर.