अपूच्या पायाखाली कोण राहते

लाइपझिग, जर्मनी

सौ. सोजरास, दुरून पण मनापासून आशीर्वाद.

आपली अपू शाळेतली कविता म्हणत सारवलेल्या ओसरीवर पाय आपटायची, ती थपथप आज सकाळपासून कानात आहे. तेव्हा तिले कोणी रागावलं नाही. इथे मात्र नुसता वैताग!

पोरींले भरतनाट्यम शिकवायचा तिचा घरातला वर्ग चांगला चालू आहे, तू काळजी करू नको. फक्त खालच्या मजल्यावरच्या हॉफमनबाई रोज काठीनं छत ठोकतात. आणखी एक तक्रार आली तर घरमालक वर्ग बंद करणार म्हणे.

नाचाआधी पोरी जमिनीले हात लावून, पाय आपटणार म्हणून, क्षमा मागतात, तुले ठाऊकच आहे. मी अपूले म्हटलं, "अगं पोरी, खाली धरणीमाय कुठे आहे? हॉफमनबाई आहे. क्षमा तिले माग!"

"बाबा, तुम्ही मधात पडू नका."

मग मीच तुझ्या लाडवांचा डबा खाली नेला, हात जोडले. बाईनं डबा घेतला अन् दार लावलं. आठ दिवस झाले. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. इथे परतच करत नाहीत! तोही तुझ्या माहेरचा.

तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना?

बेल वाजली. घरमालकच असणार. पाहून येतो.

घरमालक नव्हता, सोजरा. हॉफमनबाई आहे. चपला दाराबाहेर काढल्या तिनं. अपू तिले आत बोलावून राह्यली. हातात तुझा डबा आहे, अन् जड दिसते.

तुझाच,
तुळशीराम